धुरेवरचं वजन

त्या म्हाताऱ्या शेतकऱ्यानं किमतीचं काहीच काढलं नाही. कोठाराचं दार सरकवण्याआधी त्यानं माझ्या पिकअपच्या मागे नजर टाकली आणि विचारलं, "नेणार कशावरून?"

मागे काहीच जोडलेलं नव्हतं. डेट्रॉइटजवळच्या घरातून तीन तासांवर इंडियानात मी नुसता बघायला गेलो होतो. आत उभी होती 1948 ची प्लिमथ स्पेशल डीलक्स, चार दारांची. टायर जमिनीला टेकलेले, ब्रेक गंजून ड्रमला धरलेले, इंजिन आणि गिअरबॉक्स उतरवून शेजारी ओंडक्यांवर ठेवलेले. माझे वडील कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये फिटर होते. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये काढलेल्या या कंपनीत क्रायसलरशी करार करून 1947 पासून डॉज आणि प्लिमथ गाड्या जुळवल्या जायच्या. त्या 95 अश्वशक्तीच्या सहा सिलिंडरच्या इंजिनाबद्दल अण्णा जेवताना बोलायचे, आणि आई वाढायची थांबून ऐकायची. त्यामुळे गाडी घ्यायची हे तिथल्या तिथे ठरलं. आणायची कशी, हे ठरायला आठ महिने गेले.

पहिली चूक घाईनं केली. जवळच एकाकडे घरी बनवलेला ट्रेलर स्वस्तात मिळाला. अमेरिकेत कारखान्यात बांधलेली घरं चाकांवरून जागेवर नेतात. घर बसलं की खालचे आख निकामी होतात आणि थोडक्या पैशांत विकले जातात. जुन्या गाड्यांच्या नादी लागलेल्या कित्येकांनी असे आख घेऊन, वर लोखंडी चौकट जोडून, फळ्या ठोकून ट्रेलर केले. कष्टाचं आणि हिकमतीचं काम, मला त्याचा आदर आहे. पण त्या आखांवरची साडेचौदा इंची चाकं घर एकदाच जागेवर पोचवण्यासाठी असतात, हे मला ठाऊक नव्हतं. रिकामा ट्रेलर घरी आणतानाच महामार्गावर एक टायर फुटला. मागे गाडी असती तर काय झालं असतं, ते मला रात्री अंथरुणात दिसत राहिलं. तो ट्रेलर मी पुन्हा कुणाला विकला नाही. तोडून भंगारात घातला.

मग वाचायला बसलो. गाडीवर गाडी घालून नेण्याची कल्पना जवळजवळ मोटारगाडीइतकीच जुनी निघाली. क्लीव्हलंडच्या अलेक्झांडर विंटन यांनी 1898 मध्ये 22 गाड्या विकल्या. गिऱ्हाइकं दूरच्या गावांची. गाडी चालवत पोचवली तर ती नवी राहत नाही. म्हणून विंटननी गाडीच्या मागे जोडायचा एक गाडा केला आणि नवी गाडी त्यावर चढवून पाठवायला सुरुवात केली. पुढे 1914 मध्ये डेट्रॉइटमधला लाकडाचा व्यापारी फ्रेडरिक सिब्ली आपली होडी उत्तर मिशिगनमधल्या उन्हाळी घरी न्यायची म्हणून ऑगस्ट फ्रूहॉफ या लोहाराकडे गेला. फ्रूहॉफ घोडागाड्या बांधणारा माणूस. त्यानं दोन चाकांचा मजबूत गाडा बांधून फोर्डच्या मागे जोडला. सिब्लीला तो इतका आवडला की त्यानं लाकडाच्या वखारीसाठीही तसे गाडे मागवले. फ्रूहॉफनं त्याला सेमी-ट्रेलर म्हटलं, म्हणजे अर्धा ट्रेलर: ओझ्याचा काही भाग त्याच्या स्वतःच्या चाकांवर, काही ओढणाऱ्याच्या पाठीवर.

हे वाचताना मला आमचे आबा आठवले. साताऱ्याकडच्या गावी त्यांची बैलगाडी होती, आणि पोती भरताना ते सतत धुरेकडे जाऊन जू हातानं उचलून पाहायचे. मागे ओझं जास्त झालं तर गाडी उलाळ होते, जू वर उचलतं आणि जोती बैलांच्या गळ्याला फास लावतात. पुढे जास्त झालं तर माना दबतात. दोन्हींच्या मधली एक जागा असते आणि ती हाताला कळते. फ्रूहॉफही लोहार होता, जनावरांच्या गाड्या करत मोठा झालेला. ही गोष्ट त्याला कुणी समजावून सांगावी लागली नसेल. पुढे ट्रक मोठे झाले आणि सेमी-ट्रेलर निम्मं ओझं पुढे टाकू लागले. पण गाड्या नेण्याचा साधा उघडा ट्रेलर, ज्याचे आख जवळपास मध्यावर असतात, तो आजही आबांच्या गाडीचा सख्खा भाऊ आहे. भरलेल्या वजनाच्या 10 ते 15 टक्के धुरेवर यायला हवेत. त्याहून कमी आले तर ट्रेलर वेगात शेपटासारखा डोलू लागतो, आणि एकदा डोलायला लागला की प्रत्येक झोका आधीच्याहून मोठा. त्या वेळी पिकअपचा ब्रेक दाबायचा नसतो. वेग सोडून द्यायचा आणि नुसता ट्रेलरचा ब्रेक हातानं हलकेच लावायचा.

त्या ब्रेकचा जनक मला सगळ्यांत जास्त आवडला. विस्कॉन्सिनमधल्या बेलॉइट गावचे आर्थर वॉर्नर. आधी स्पीडोमीटर बनवून नाव आणि पैसा मिळवला. 1909 मध्ये कर्टिसचं विमान विकत घेऊन, कुणी शिकवणारा नसताना, ते उडवलं. पुढे 1927 मध्ये विजेच्या ब्रेकची कंपनी काढली. मागच्या चाकांना पुढून थांबवायचं कसं, हा जुना पेच होता. मधे फक्त एक तार, आणि ड्रायव्हरचा पाय कुठल्या कुठे. ड्रमच्या आत एक लहान विद्युतचुंबक असतो. तारेतून वीज आली की तो फिरत्या ड्रमच्या तोंडाला चिकटू पाहतो, ड्रम त्याला स्वतःबरोबर ओढतो, त्या ओढीनं एक दांडा फिरतो आणि तो ब्रेकचे जोडे उघडतो. म्हणजे चाक थांबवायची ताकद चाकाकडूनच घेतलेली. वीज लागते ती नुसता इशारा देण्यापुरती. माझ्या ट्रेलरच्या दहा इंची ड्रमांत आजही हीच रचना आहे. मी ते पहिल्यांदा उघडले तेव्हा अण्णा शेजारी असायला हवे होते, असं फार वाटलं.

मधली वर्षं थोडक्यात सांगतो. दुसऱ्या महायुद्धाआधी कॅलिफोर्नियातली पोरं आपली गाडी चालवतच मुरॉकसारख्या सुकलेल्या तळ्यांवर जायची, मडगार्ड काढून शर्यत लावायची, परत लावून घरी यायची. बॉनव्हिलच्या मिठागरावर 1949 मध्ये वेगाचे मेळे सुरू झाले. पुढे गाड्या शर्यतीसाठी इतक्या बदलल्या गेल्या की रस्त्यावर चालवण्याजोग्या उरल्या नाहीत. मग आधी ओढायचा दांडा आला, आणि नंतर ट्रेलर. घरगुती सामानाचा भाड्याचा ट्रेलर शोएन पतिपत्नींनी 1945 मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या रिजफिल्डहून यू-हॉल नावानं सुरू केला, आणि सामान्य कुटुंबाच्या गाडीमागे ट्रेलर दिसणं ही नेहमीची गोष्ट झाली. रुंदीची बाब मात्र कायद्यानं बदलली. पूर्वी वाहनाची मर्यादा 96 इंच होती. 1982 च्या केंद्रीय कायद्यानं मोठ्या रस्त्यांवर ती 102 झाली. म्हणून आजच्या ट्रेलरच्या दोन मडगार्डांमध्ये 82-83 इंच मिळतात आणि जुन्या ट्रेलरवर गाडीचं दार मडगार्डला अडतं. जुना स्वस्त दिसला तरी आधी टेप लावून पाहा.

शेवटी घेतला तो 18 फुटी, लाकडी फळ्यांचा, साडेतीन हजार पौंडी दोन आखांचा. म्हणजे सगळं मिळून 7000 पौंडांची सोय. बंद पेटीसारखा ट्रेलर घ्या, गाडी पावसात भिजणार नाही, असं मला अनेकांनी सांगितलं. पण तो स्वतःच जवळपास दुप्पट जड, वर वारा अंगावर घेणारा. पन्नास वर्षं कोठाराच्या गळक्या छपराखाली उभ्या राहिलेल्या गाडीला आणखी तीन तासांच्या पावसाचं काय? ज्या गाडीवर अजून काम व्हायचं आहे, तिला उघडाच ट्रेलर योग्य, हे माझं ठाम मत आहे. चारही बाजूंनी हात पोचतो, पट्टे दिसतात, कुठे काय सैल झालं ते आरशात कळतं.

मग वरचं सामान. पुढे आठ हजार पौंडांची विंच, कारण जी गाडी स्वतःच्या चाकांवर फिरत नाही ती चढवायची कशी? (विंचवरून चॅटनूगाचे अर्नेस्ट होम्स आठवतात. 1916 मध्ये ओढ्यात पडलेली एक गाडी दोर आणि कप्प्यांनी बाहेर काढायला त्यांना अख्खा दिवस आणि अर्धा डझन माणसं लागली. त्या दमणुकीतून त्यांनी 1913 च्या कॅडिलॅकवर गाड्या उचलायचं यंत्र बसवलं.) फळ्यांखालच्या चौकटीला वेल्ड केलेल्या आठ कड्या, आखांना घालायचे पट्टे, आणि ट्रेलर सुटलाच तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी छोटी बॅटरी. धुरेखाली दोन साखळ्या नेहमी एकमेकींवरून आडव्या, म्हणजे जोड निखळला तरी दांडी जमिनीत न रुतता त्या झोळीत पडते. आणि गोळा दोन इंचाचाच. अष्टमांश इंच लहान गोळा त्याच खोबणीत बसल्यासारखा वाटतो आणि पहिल्या खड्ड्यात निसटतो. टायर ट्रेलरचेच घेतले, आणि बाजूवरचे चार आकडे वाचून: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ट्रेलरचा टायर झिजून मरत नाही, उभ्या उभ्या म्हातारा होऊन मरतो.

ऑक्टोबरात परत गेलो. शेतकऱ्यानं आधी ट्रेलरभोवती एक फेरी मारली, वाकून कड्यांचे वेल्ड पाहिले, मग किल्ली काढली. धरलेली मागची चाकं काही केल्या सुटेनात. तो घरात जाऊन भांडी घासायच्या साबणाची बाटली घेऊन आला आणि फळ्यांवर ओतली. विंचनं ओढल्यावर प्लिमथ त्यावरून अलगद घसरत वर आली.

आणि इथे आबा पुन्हा कामाला आले. पुढे इंजिन असलेली गाडी तोंड पुढे करून चढवली की वजन आपसूक धुरेवर येतं. पण माझ्या गाडीचं इंजिन तर ओंडक्यांवर होतं! नेहमीच्या जागी उभी केली तेव्हा पिकअपची पाठ जरासुद्धा दबली नाही. उलाळ. ट्रेलर आणि गाडी मिळून साडेचार हजार पौंड, म्हणजे धुरेवर साडेचारशे ते पावणेसातशे हवेत. काट्यावर तीनशेही नव्हते. गाडी चौदा इंच पुढे ओढली, पुन्हा मोजलं, आणखी चार इंच ओढली. 540. इंजिन आणि गिअरबॉक्स पिकअपच्या हौद्यात, आखाच्या जरा पुढे. शेतकरी काट्याकडे न बघता मागून पिकअप आणि ट्रेलरची रेषा बघत होता. "आता बसलं," तो म्हणाला, आणि आकडा मी त्याला नंतर सांगितला.

दहा मैलांवर एका चर्चच्या आवारात थांबलो. पट्टे दोन-दोन दातांनी सैल झाले होते, ते आवळले. मग चारही तुंब्यांवर तळहात ठेवत फिरलो. आबा घाटाच्या पायथ्याशी थांबून वंगण बघायचे तसा. तीन गार होते. उजवीकडचा मागचा जरा कोमट लागला, म्हणून पुढचं गाव येईपर्यंत पंचेचाळीसच्या वर गेलो नाही.