अंजनगांवची पानपिंपरी

अंजनगांव-सुर्जी हें नांव शाळेंत इतिहास शिकलेल्या प्रत्येकाच्या कानावरून एकदां तरी गेलेलें असतें. १५ डिसेंबर १८०३ रोजीं गाविलगड पडला आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेस दौलतराव शिंद्यांनीं येथें ईस्ट इंडिया कंपनीशीं तह केला. पाठ्यपुस्तकांत या गांवाचें काम तेथेंच संपतें. परंतु काष्ठौषधींच्या एखाद्या व्यापाऱ्यास विचाराल, तर तो तहाचें नांवही काढणार नाहीं. तो पानपिंपरीचा भाव सांगूं लागेल.

पानपिंपरी म्हणजेच आपल्या वैद्यक ग्रंथांतील पिप्पली. सुंठ, मिरें आणि पिंपळी मिळून त्रिकटु होतें, आणि खोकला झाला म्हणजे पिंपळी सहाणेवर उगाळून मधांतून चाटवावयाची, हें घरोघरच्या आजीबाईंस सांगावयास नको. या बोटभर वस्तूनें प्रवास मात्र फार मोठा केला आहे. ग्रीकांचा ‘पेपेरी’ आणि रोमनांचा ‘पिपेर’ हे दोन्ही शब्द पिप्पलीवरूनच निघाले. पहिल्या शतकांतील रोमन ग्रंथकार प्लिनी पिंपळीचा भाव पौंडास पंधरा दिनार देतो, आणि काळ्या मिऱ्याचा अवघा चार! पुढें मिऱ्यानें युरोपची स्वयंपाकघरें जिंकलीं, आणि पिंपळी तेथें जवळजवळ विसरली गेली.

वऱ्हाडांत ती पानमळ्याची शेजारीण आहे. सातपुड्याच्या पायथ्याचा अंजनगांव, अकोट, तेल्हारा हा पट्टा डोळ्यांसमोर आणा. दक्षिणेस पूर्णेच्या दोहों तीरांवर खारपाणपट्टा. तेथील विहिरीचें पाणी तोंडांत धरवत नाहीं. पायथ्याशीं मात्र पाणी गोडें. नागवेल आणि पिंपरी या एकाच कुळांतल्या. दोघींना सावली, गारवा आणि गोडें पाणी हवें. पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा सोसणाऱ्या मुलखांत अशी नाजूक वेल जगविणें ही सामान्य गोष्ट नव्हे. बारी समाजानें तें काम पिढ्यान्‌पिढ्या केलें. शेवरी, हेटा, पांगारा यांची दाट लागवड करावयाची, त्यांच्या छायेंत वेल वाढवावयाची आणि पाण्याची पाळी चुकूं द्यावयाची नाहीं. फळें हिरवीं असतांनाच खुडून उन्हांत वाळवितात; मुळांनाही किंमत येते, तेंच पिंपळमूळ. मळ्यांत जोडा घालून जावयाचें नाहीं आणि नागपंचमीस नागाची पूजा चुकवावयाची नाहीं, हेही तेथील दंडक. कोणी यास भाबडेपणा म्हणतील. मला पहिल्या दंडकांत तरी चांगलाच व्यवहार दिसतो, कारण वेलीचीं मुळें कुजविणारा रोग मातीबरोबर पसरतो, आणि ती माती जोड्याला चिकटून येते.

१८५३ सालीं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं गेला. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी पेटतांच येथील कापसास सोन्याचें मोल आलें आणि १८६७ पर्यंत आगगाडीही नागपुरास पोंचली. तेव्हांपासून वऱ्हाड म्हणजे कापूस हें समीकरण इतकें पक्कें झालें कीं, या मळ्यांकडे कोणाचें लक्षच राहिलें नाहीं. तथापि मळ्यांना खरा धक्का कापसानें दिला नाहीं. तो कोरडवाहू काळ्या जमिनींत येतो. धक्का दिला तो पाण्यानें. अलीकडच्या कांहीं दशकांत पायथ्याच्या विहिरी खोल खोल गेल्या, संत्रीं आणि केळीं त्याच पाण्यावर वांटेकरी झालीं, आणि मर रोग आला तो वेगळाच. मळा मोडला म्हणजे वेलीबरोबर ती जोपासण्याची विद्याही जाते, आणि ती कोणत्याही दप्तरांत लिहिलेली नाहीं.

अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानें, म्हणजे १९६९ सालीं स्थापन झालेल्या संस्थेनें, नागार्जुन वनौषधी उद्यान राखलें आहे. परंतु हें काम केवळ संस्थांवर सोंपवावें असें मला वाटत नाहीं. तुळस, अडुळसा, गवती चहा आपण परसांत लावतोंच. त्यांच्या पंक्तीस पिंपरीचा एक वेल सहज बसेल. तिच्यांत नर आणि मादी वेल निराळे असतात. फळ मादीवरच धरतें. म्हणून दोन-तीन पेरांचें कलम फळलेल्या वेलीचेंच मागून घ्यावें, पावसाळ्याच्या तोंडाशीं सावलींतल्या कुंडींत लावावें आणि चैत्र-वैशाखांत दोन वेळां पाणी घालावें. उपयोग मात्र बेतानें करावा. पिंपळी, क्षार आणि मीठ हीं तीन द्रव्यें अति सेवन करूं नयेत, असें चरकसंहितेंतच सांगून ठेविलें आहे.