दिवेलागण आणि काजळी

जुन्या दिव्यांचं मला भारी वेड. पण मंडळी, आज त्यांच्या सौंदर्यावर नाही, 'मेंटेनन्स'वर लिहायचंय. सॉफ्टवेअरवाल्याला दुसरं काय सुचणार!

समई, पणती, लामणदिवा... ह्यांत जळतं ते गोडं तेल. ते दाट, त्यामुळे वातीतून फार उंच चढत नाही. म्हणून ज्योत तेलाजवळच ठेवावी लागते आणि वात सारखी पुढे सारावी लागते. शिवाय खायचं तेलही तेच. म्हणजे दिवा लावायचा की फोडणी द्यायची, हा खराखुरा हिशेब! लोक दिवस मावळताच जेवून निजायचे ते उगाच नाही.

मग आलं रॉकेल (नावच मुळी 'रॉक ऑइल'वरून). 1853 साली लुकासिएविच नावाच्या औषधं बनवणाऱ्या माणसाने ल्विव शहरात रॉकेलचा दिवा केला. 31 जुलैच्या रात्री तिथल्या इस्पितळात त्याच्या उजेडात शस्त्रक्रियाही झाली. 1859 मध्ये अमेरिकेत ड्रेकच्या विहिरीला तेल लागलं आणि रॉकेलचा सुकाळ झाला. हे तेल पातळ, वातीतून सहज वर चढतं. टाकी खाली, ज्योत वर, भोवती काच... झाला कंदील! आपल्याकडे कराडजवळ ओगलेवाडीला 1916 साली ओगल्यांचा काच कारखाना निघाला. त्यांचा 'प्रभाकर' कंदील आठवणारे अजून भेटतात.

पण कंदील म्हणजे रोजचं काम. संध्याकाळी काच उतरवा, काजळी पुसा, रॉकेल भरा, वात सरळ कातरा. तिरकी कातरली तर ज्योतीला शिंग फुटतं आणि काच एका बाजूने काळी! काचेत हात मावतो म्हणून हे काम बऱ्याचदा पोरांकडे. आषाढातल्या दिव्याच्या अवसेला घरातले सगळे दिवे घासूनपुसून पुजायचे, ही तर मला वार्षिक सर्व्हिसिंगच वाटते.

साठ वॅटचा बल्ब साधारण साठ मेणबत्त्यांएवढा उजेड देतो. न वात, न काजळी, नुसतं बटण. कंदिलाच्या उजेडात गप्पा रंगायच्या म्हणतात, खरंही असेल. पण कंदील ओसरीवर असायचा. स्वयंपाकघरात बहुधा बिनकाचेची चिमणी, आणि तिचा धूर नाकात घेत भाकऱ्या थापणारी बाई. तिला त्या गप्पा किती ऐकू आल्या, हे घरातल्या एखाद्या आजीला विचारून बघा.