गंगाराम तांबटाच्या खांद्यावरून

संगम पुलावर उभे राहा आणि समोरचे एकेक पुसत जा. आधी रेल्वे पुसा, पुण्यात गाडी आली ती 1858 मध्ये. मग इंजिनिअरिंग कॉलेजच्या दगडी इमारती, मग हॉर्न, मग पाण्यावरची जलपर्णी. उरतात मुळा आणि मुठा, सरत्या पावसाळ्याचे गढूळ पाणी, आणि काठावर गवताने वेढलेले काही बंगले. साल 1792.

हे बंगले इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याचे. 1786 पासून तो पेशव्यांच्या दरबारी आहे. शहर इथून दूर आहे, आणि दोन्ही बाजूंना ते दूरच हवे आहे. तुम्ही मात्र राजकारणासाठी आलेला नाहीत. तुम्हाला भेटायचे आहे ते ओसरीत रंग घोटत बसलेल्या, पंचेचाळिशीच्या आसपासच्या माणसाला. तो जेम्स वेल्स. स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर पीटरहेड नावाचे बंदर आहे, तिथला हा. गेल्या वर्षी मुंबईला उतरला. चेहरे रंगवून पोट भरणारा चितारी, बराचसा स्वतःच शिकलेला.

त्याच्या मागोमाग शहरात शिरा. कसब्यात तांब्यावर पडणारे हातोडे आधी ऐकू येतात, माणसे नंतर दिसतात. गल्लीत ओल्या शेणाचा, धुराचा, चिंचेने घासलेल्या भांड्यांचा वास. वळण घेतले की शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा समोर येतो. हत्तीने धडक देऊ नये म्हणून त्याच्या फळ्यांवर ठोकलेले अणकुचीदार खिळे आज तुम्ही पाहता तेच. फरक आत आहे. आज आत जोती आणि हिरवळ आहे. या घटकेला तिथे मजल्यांवर मजले चढलेले आहेत, सुरूच्या आकाराचे सागवानी खांब आहेत, कात्रजहून जमिनीखालून आलेले पाणी हौदांत आणि कारंज्यांत खेळते आहे. जोडे काढा. चोपदाराची ललकारी होईपर्यंत थांबा.

गादीवर बसलेले श्रीमंत सवाई माधवराव अठरा वर्षांचे आहेत. पुरंदरावर 1774 मध्ये त्यांचा जन्म झाला आणि तेव्हापासून राज्य त्यांच्या नावाने चालते आहे. शेजारी, किंचित मागे रेलून, नाना फडणवीस. उंच, सडपातळ, लांबट चेहरा. इतिहासाच्या पुस्तकात नाना कायम कारस्थानात गढलेले दिसतात. इथे ते चित्रासाठी स्वस्थ बसले आहेत, आणि बघणाऱ्याला आरपार बघत आहेत. वेल्स या दोघांना एका चौकटीत बसवतो, मागे सेवक उभे करतो. तेलरंगाची ही रीत दरबाराला नवीन. आपल्याकडच्या चिताऱ्याने धन्याच्या गालावर सहसा सावली पडू दिली नसती. वेल्स ती पडू देतो, आणि त्या सावलीमुळेच आज आपल्याला पेशव्याच्या जागी एक कोवळा मुलगा दिसतो. मोत्यांच्या कंठ्यांचा भार झालेला मुलगा. हे चित्र आता लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. पुण्याच्या पेशव्याचा आणि त्याच्या कारभाऱ्याचा चेहरा आपण ओळखतो तो मुख्यतः पीटरहेडच्या या माणसामुळे.

पाटीलबाबा म्हणजे महादजी शिंदे, त्यांचेही चित्र तो करतो. ते याच साली उत्तरेतून पुण्यास आले आहेत. पानिपतात जायबंदी झालेला पाय घेऊन वानवडीच्या छावणीत उतरलेत. दीड-पावणेदोन वर्षांनी, 12 फेब्रुवारी 1794 ला, तिथेच त्यांचा अंत होणार आहे. तुम्हाला ते ठाऊक आहे, छावणीत कोणालाच नाही. पुढे न सरकता क्षणभर थांबा. भूतकाळात जाण्याची खरी किंमत हीच आहे.

आता वेल्सला सोडा आणि संगमावरच्या दुसऱ्या माणसाकडे वळा, कारण मला तुम्हाला आणायचे होते ते त्याच्याकडे. गंगाराम चिंतामण तांबट. नवगिरे हेही नाव त्याच्यामागे लागते. वेल्स पुण्यात येण्याच्या आधीपासून तो मॅलेटसाठी चित्रे काढतो आहे. त्याच्या खांद्यावरून पाहा. हा कागद 1790 चा, पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा. तरुण पेशव्यांना जनावरांचा नाद, पर्वतीच्या पायथ्याशी त्यांनी प्राणी पाळलेत. गंगारामने गेंड्याला पुराणातला राक्षस केलेला नाही आणि शोभेची वस्तूही केलेली नाही. कातडीच्या घड्या कुठून निघून कुठे मुरतात, मान खांद्यात कशी शिरते, त्या वजनाखाली पाय कसे रोवले जातात, हे त्याने एकटक पाहिले आहे. सिंह, सिंहीण, व्यायाम करणारे मल्ल, सगळ्यांकडे तो याच नजरेने बघतो.

ही नजर कुठून आली? वेल्सकडून ती त्याला मिळाली असे लिहिण्याचा मोह अनेकांना होतो. मला ते पटत नाही. मठारकाम करणाऱ्यांच्या जातीतला हा माणूस. सपाट पत्र्यातून गोलाई उठवायची, हातोड्याचा प्रत्येक ठोका आधीच्या ठोक्याशेजारी बसवायचा, हे ज्याने घराच्या ओसरीवर पाहिले त्याला कागदावर गेंड्याचे पोट फुगवायला कोणी परका शिकवावा लागत नाही. वेल्सकडून त्याने घेतले ते दूरचे आणि जवळचे मोजायचे गणित, छायेची शिस्त. आणि ते भरभरून घेतले. मॅलेटच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात चित्रकलेची शाळा निघाली असे द. ब. पारसनीस यांच्यापासून इतिहासकार सांगत आले आहेत. एतद्देशीय आणि विलायती हात एकाच खोलीत कागदावर वाकलेले, ही गोष्ट मुंबईत सर ज. जी. कलाशाळा निघण्याच्या साठ-पासष्ट वर्षे आधीची.

एक लांब उडी घ्या. पीटरहेडच्या धक्क्यावर या. अंगावर गार समुद्रधुके येते, मासळीचा वास येतो, किनाऱ्याचा दगड गुलाबीसर ग्रॅनाइट आहे. झाड शोधावे लागते. अशा उघड्या, करड्या मुलखात वाढलेला माणूस सह्याद्री चढून आला तेव्हा काळ्या कातळाने त्याला का धरून ठेवले असेल, ते इथे उभे राहिल्याशिवाय उमगत नाही. चेहरे रंगवण्यात पैसा होता. तरी वेल्स पुन्हा पुन्हा लेण्यांकडे वळतो. घारापुरी, कान्हेरी, वेरूळ. 1793 मध्ये थॉमस आणि विल्यम डॅनिएल हे चुलते-पुतणे मुंबईत उतरतात, तेव्हा त्यांनाही तो लेणी दाखवायला नेतो.

वेरूळला तुम्हीही चला. कैलासाच्या अंगणात ऊन तापलेले आहे, वटवाघळांचा उग्र दर्प नाकात बसतो. गंगाराम आणि वेल्स दोघांनीही हे लेणे कागदावर उतरवले. नुसते सुंदर दृश्य काढून भागत नाही. खांबाखांबांतले अंतर मोजायचे, छताची उंची अजमावायची, तुटलेला हात तुटलेलाच काढायचा. एकसंध डोंगर वरून खाली कोरत आणलेला, म्हणजे जे काढून टाकले तेही मनात धरावे लागते. मॅलेटने वेरूळवर निबंध लिहिला तो कलकत्त्याच्या एशियाटिक रिसर्चेसमध्ये छापला गेला. वेल्सच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनिएलने वेरूळचा चित्रसंग्रह काढला तो 1803 मध्ये. युरोपातल्या वाचकाने कैलास पाहिला तो या कागदांतून. वेल्स तोवर जिवंत नव्हता.

कारण 1795. वर्षाची सुरुवात खर्ड्याच्या विजयाने झाली आणि ऑक्टोबरात, दसऱ्याच्या दिवसांत, सवाई माधवराव वाड्याच्या सज्जातून खाली कारंज्यावर पडले. 27 तारखेला गेले. वय एकवीस. तुम्ही त्या आठवड्यात पुण्यात असाल तर हातोडे ऐकू येणार नाहीत. वेल्स तिकडे साष्टीत कान्हेरीची लेणी रेखाटत होता. तिथल्या तापाने त्याला गाठले आणि नोव्हेंबरात ठाण्याकडे त्याचा अंत झाला. चित्रातला आणि चित्र काढणारा, दोघांच्या मरणात महिन्याचेही अंतर नाही.

मॅलेट 1798 मध्ये विलायतेला परतला. पुढच्या वर्षी त्याने वेल्सची मुलगी सुसॅना हिच्याशी लग्न केले. सासऱ्याच्या रेखाटनांवरून डॅनिएलने 1805 मध्ये भव्य दरबारचित्र पुरे केले: टिपूविरुद्धच्या 1790 च्या तहाचा प्रसंग, पेशवे, नाना, मॅलेट, सारा दरबार. ते आज लंडनच्या टेट संग्रहात आहे.

आणि गंगारामचे, वेल्सचे कागद मॅलेटबरोबर गेले नसते तर? पुन्हा संगमावर या. 5 नोव्हेंबर 1817. बंगले तेच, रेसिडेंट वेगळा: माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, हाही स्कॉटिश, डंबार्टनचा. दुपारी तो नदी ओलांडून खडकीच्या फौजेकडे निघून जातो आणि मागोमाग पेशव्यांचे लोक रेसिडेन्सी पेटवतात. त्याची पुस्तके, टिपणे, सगळ्याची राख. त्या दिवशी एल्फिन्स्टनसोबत असलेला जेम्स ग्रँट डफ बॅन्फचा, म्हणजे पीटरहेडच्याच किनारपट्टीवरचा. गणेशखिंडीच्या माळावर उसळलेल्या मराठी घोडदळाला त्याने खंबायतच्या आखातात घुसणाऱ्या भरतीच्या लोंढ्याची उपमा दिली. 1826 मध्ये त्याचा मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत निघाला. त्या इतिहासावर मराठी अभ्यासकांनी तावातावाने वाद घातला, कीर्तन्यांपासून राजवाड्यांपर्यंत, आणि त्या वादातूनच आपली इतिहाससंशोधनाची परंपरा उभी राहिली. ग्रँट डफला पुण्यात सगळे ओळखतात.

गंगारामला नाही. त्याच्या नावाची पाटी मी शहरात कुठे पाहिलेली नाही, आणि हे मला लागते. कसब्यातल्या तांबट आळीत आजही मठारकाम चालते. शनिवारवाडा तिथून चालत थोड्याच अंतरावर आहे. या दोन ठिकाणांमध्ये कुठेतरी त्याच्या चित्रांच्या मोठ्या प्रती लागायला हव्यात, उन्हापावसात टिकतील अशा, शाळेतल्या मुलांच्या नजरेच्या उंचीवर. मूळ चित्रांचा मोठा साठा अमेरिकेतल्या न्यू हेवनमध्ये, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहे. वेल्सची रोजनिशीही तिथेच. त्यांची छायाचित्रे केंद्राच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. गेंड्यापासून सुरुवात करा. मग पर्वतीचे चित्र उघडा, 1795 चे, आणि ते हातात घेऊन सारसबागेच्या बाजूने टेकडीकडे बघत हळूहळू चाला. कोणत्या जागी बसून त्याने ते काढले असेल, ते शोधायला एक सकाळ पुरणार नाही.