खाऊन संपणारी शिल्पे, जळून जाणारी फुले : व्हिएतनाममधील दोन गावांची कथा

१/ देऊळ दगडाचे असेल तर हजार वर्षांनीही अभ्यासकाच्या हाती काही ना काही लागते. पण वस्तू तांदळाच्या पिठाची असेल आणि तिन्हीसांजेपर्यंत मुलाने खाऊन टाकली असेल, किंवा कागदाची असेल आणि पूजेनंतर अग्नीत गेली असेल, तर तिचा इतिहास कोठे शोधावा? 🧵

२/ हनोईच्या दक्षिणेस स्वान ला नावाचे गाव आहे. तेथील कारागीर तांदळाच्या उकडलेल्या, मळलेल्या पिठातून पशुपक्षी, फुले आणि वीरपुरुष घडवतात व बांबूच्या काडीवर खोवतात. या खेळण्याला ‘तो हे’ म्हणतात. ही कला गावात तीनशेहून अधिक वर्षे चालत आली आहे, असे गावकरी सांगतात.

३/ पूर्वी रंगही स्वयंपाकघरातलेच असत. पिवळ्यासाठी हळद, हिरव्यासाठी पाने आणि लालसाठी ‘गाक’ हे फळ. गाक म्हणजे आपल्या करटोलीचे जवळचे नातलग. साधनेही मोजकीच : लहानशी सुरी, फणी आणि पीठ बोटांना चिकटू नये म्हणून थोडे मेण. उरलेले सारे काम बोटांचे.

४/ पक्ष्यांचे आकार अधिक असल्याने या वस्तूंना एके काळी ‘पक्षी-बगळे’ अशा अर्थाचे नाव होते. त्या पूजेतही ठेवल्या जात. पुढे त्यांना छोटी पिपाणी जोडली जाऊ लागली आणि तिच्या आवाजावरून ‘तो हे’ हे नाव रूढ झाले. नैवेद्याचे खेळणे झाले, ते असे.

५/ दुसरे गाव मध्य व्हिएतनाममधील थान्ह तिएन. १८०२ ते १९४५ या काळात न्गुयेन घराण्याची राजधानी असलेल्या ह्वे नगराजवळचे. वर्ष सरत आले की येथे कागदाला घड्या घालून, कापून, चुण्या पाडून फुले केली जातात आणि बांबूच्या बारीक काड्यांवर बांधली जातात. पूर्वजांच्या व चूलदेवतेच्या देव्हाऱ्यावर ती वर्षभर राहतात. त्यांच्या मांडणीत कन्फ्यूशियस परंपरेतील ‘तीन बंध आणि पाच सद्गुण’ पाहिले जातात.

६/ नवे वर्ष आले की जुनी फुले उतरवली जातात. शेजारच्या सिन्ह गावातील ठशांची पूजाचित्रे तर विधी संपताच जाळली जातात. येथे नाश हा अपघात नाही, तो विधीचाच भाग आहे. म्हणूनच दरवर्षी नव्याने घडवावे लागते, आणि म्हणूनच शिकवावेही लागते.

७/ मग पुरावा? १९०८-०९ मध्ये आँरी ओजे हा तरुण फ्रेंच हनोईत स्थानिक चित्रकारांना सोबत घेऊन हिंडला. लोकांची कामे, अवजारे, खेळणी, कागदी पूजासाहित्य यांची ४,०००हून अधिक रेखाटने त्याने लाकडी ठशांवरून छापून घेतली. मात्र चित्रात दिसतो तो हाताचा एक क्षण. पीठ किती मऊ हवे, घडी कोठे दाबावी, हे त्यात उतरत नाही.

८/ विसाव्या शतकात ही साखळी ताणली गेली. दीर्घ युद्धे झाली. पूजेसाठी कागद जाळण्याकडे राज्यसत्ता अंधश्रद्धा म्हणून पाहू लागली. शिधापत्रिकेवर धान्य मिळण्याच्या काळात तांदळाच्या पिठाचे खेळणे ही चैनच ठरली असणार. १९८६च्या ‘दोई मोई’ आर्थिक सुधारणांनंतर उत्सव पुन्हा बहरले, आणि त्यांच्यासोबत कागदाचा व्यवसायही.

९/ परतलेली कला मात्र जशीच्या तशी नव्हती. हळद-गाकच्या जागी बाजारातले रंग आले, बगळ्याशेजारी कार्टूनमधली पात्रे बसली. थान्ह तिएनमध्ये देव्हाऱ्याच्या फुलांसोबत शोभेची कागदी कमळे होऊ लागली. शरद पौर्णिमेच्या सणात हनोईच्या मानववंशशास्त्र संग्रहालयात कारागीर मुलांसमोर पीठ वळून दाखवतात. पूर्वी बापाकडून लेकाकडे जाणारी विद्या आता अनोळखी मुलांपर्यंतही पोहोचते.

१०/ हा ऱ्हास म्हणावा की वारसा? युनेस्कोच्या २००३च्या करारानेही अमूर्त वारशात वस्तूपेक्षा ज्ञान व कौशल्याला महत्त्व दिले. स्वान लाचा शंभर वर्षांपूर्वीचा पिठाचा बगळा आज कोणी दाखवू शकणार नाही. पण तो कसा वळावा, हे जाणणारी बोटे आहेत. त्या बोटांकडून शिकणारे कोणी उरले नाही, तर मात्र काचेच्या कपाटात ठेवायलाही काही शिल्लक राहणार नाही.

#इतिहास #व्हिएतनाम #लोककला