माणूस, अर्धसत्य, अंधाधुन : आपल्या बॅचच्या एका भांडणाचा इतिहास

स्नेहमेळाव्यात एका संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये चित्रपट दाखवायचा, एवढं ठरायला आपल्या 1996 च्या बॅचला दोन बैठका लागल्या. रहस्यपट असावा, म्हणजे जेवणानंतर कुणी डुलक्या काढणार नाही, यावर एकमत झालं आणि लगेच दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, ‘अंधाधुन’सारखा चित्रपट आपल्याकडे आधी झालाच नाही, जुने कृष्णधवल रहस्यपट म्हणजे दर दहा मिनिटांनी गाणं आणि शेवट अर्ध्या तासातच कळलेला. दुसऱ्या तटाचं म्हणणं, आताच्या चित्रपटांत नुसती हुशारी उरली आहे, माणूस हरवलाय. मी कुठल्या तटात आहे हे पुढे कळेलच. पण वाद घालताना दोन्हीकडच्यांनी एक गोष्ट गृहीत धरली होती, की हा सगळा प्रकार अमेरिकेतून आपल्याकडे आला. तो मुद्दा मला खटकला, म्हणून हा लेख.

आधी शब्दाबद्दल. ‘न्वार’ म्हणजे फ्रेंचमध्ये काळा. कुणी नॉयर म्हणतात, त्यांनाही समजून घ्यावं. दुसरं महायुद्ध संपल्यावर अडकून पडलेले अमेरिकन चित्रपट पॅरिसमध्ये एकदम येऊन थडकले, तेव्हा 1946 मध्ये नीनो फ्रँक या समीक्षकाने त्यांतल्या काही गुन्हेपटांना ‘फिल्म न्वार’ म्हटलं. ते चित्रपट बनवणाऱ्यांना आपण न्वार बनवतोय याचा पत्ताही नव्हता. ओले रस्ते, जिन्यावर पडलेली कठड्याची सावली, सिगारेटचा धूर, ही त्याची ओळख सगळ्यांना ठाऊक असते. पण माझ्या मते खरी खूण वेगळी आहे. गुन्हा करणारा आणि गुन्हा पकडणारा यांच्यामधली रेघ तिथे पुसट होते. म्हणूनच हा इतिहास पाहायचा तर चोराकडे पाहू नये, पोलिसाकडे पाहावं.

आणि पोलिसाकडे पाहायचं तर सुरुवात 1939 पासून करावी लागते, म्हणजे नीनो फ्रँकच्या सात वर्षं आधीपासून, आणि हॉलिवूडपासून नव्हे तर पुण्यातून. प्रभात फिल्म कंपनी 1929 साली कोल्हापुरात सुरू झाली आणि 1933 मध्ये पुण्याला आली. त्याच सुमारास व्ही. शांताराम ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रतींच्या कामासाठी जर्मनीला जाऊन आले होते. त्या काळच्या जर्मन चित्रपटांतला उजेड-अंधाराचा खेळ त्यांच्या डोळ्यांत भरला होता, हे ‘अमृतमंथन’ पाहिला की लगेच कळतं. पडदाभर पसरलेला राजगुरूचा तो डोळा एकदा पाहिला की विसरता येत नाही. मुंबईत बॉम्बे टॉकीजमध्ये तर जर्मन छायालेखकच काम करत होता. जोसेफ विर्शिंग. पुढे 1949 चा ‘महल’ त्यानेच टिपला. तेव्हा सावल्या आपल्याकडे आल्या त्या अमेरिकेला वळसा घालून नव्हे, थेट आल्या.

शांतारामांचा ‘माणूस’ आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिलाय, म्हणून जरा सविस्तर सांगते. गणपत हा साधा पोलीस शिपाई. शाहू मोडकांनी तो केलाय. जुगाराच्या अड्ड्यावरच्या धाडीत त्याला मैना भेटते, वेश्यावस्तीत राहणारी. मैना म्हणजे शांता हुबळीकर. तो तिला त्या धाडीतून वाचवतो, मग भेटत राहतो, मग लग्न करायचं म्हणतो आणि घरी आईकडे घेऊन जातो. इथपर्यंत कुठलाही सुधारणावादी चित्रपट आला असता. पुढे मात्र मैनालाच ते पेलत नाही. त्या देवभक्त घरात आपण बसणार नाही, हे तिला गणपतच्या आधी कळतं आणि ती निघून जाते. शेवटी तिला छळणाऱ्या नातेवाइकाचा तिच्या हातून खून होतो. गणपत तिला सोडवायला तयार आहे. कायद्याचा माणूस कायदा मोडायला तयार झालाय, आणि नको म्हणते ती मैना. ती तुरुंगात जाते, तो पुन्हा कामावर जातो.

हाच चित्रपट ‘आदमी’ या नावाने हिंदीतही निघाला. त्यात विनोद आहे, गाणी आहेत, एक गाणं तर गिऱ्हाइकांप्रमाणे भाषा बदलत जातं. बॉम्बे टॉकीजच्या झाडाखालच्या प्रेमप्रसंगांची मनसोक्त टवाळीही आहे. तेव्हा ‘हा न्वार नव्हेच’ असं कुणी म्हणालं तर मी फार ताणणार नाही. पण रात्रीचा रस्ता, दिव्याच्या खांबाखालचा शिपाई, खून करणारी बाई, वर्दीतल्या माणसाचा तोल जाणं, हे सगळं 1939 मध्ये पुण्याच्या स्टुडिओत उभं राहिलं होतं. अमेरिकन न्वारमधली बाई बहुधा पुरुषाला खड्ड्यात घालते. आपली मैना त्याला खड्ड्याच्या काठावरून मागे ढकलते. हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

त्याच प्रभातमध्ये 1944 मध्ये गुरुदत्त नोकरीला लागले, नृत्यदिग्दर्शनाच्या कामावर. पाठोपाठ देव आनंद आले. त्यांचा पहिला चित्रपट ‘हम एक हैं’ (1946) प्रभातचाच. धोब्याने शर्टांची अदलाबदल केल्यामुळे दोघांची ओळख झाली, ही गोष्ट देव आनंदनी स्वतः सांगून ठेवली आहे. तू निर्माता झालास तर दिग्दर्शक मी, मी दिग्दर्शक झालो तर नायक तू, असा करार झाला आणि तो पाळला गेला. 1951 चा ‘बाजी’ त्यातूनच निघाला. पटकथा बलराज साहनींची. पाच वर्षांनी गुरुदत्तनी निर्मिती केलेला आणि राज खोसलांनी दिग्दर्शित केलेला ‘सी.आय.डी.’ आला. दोन्हींत खरा गुन्हेगार समाजातला प्रतिष्ठित गृहस्थ निघतो. पण ‘सी.आय.डी.’मधला पोलीस इन्स्पेक्टर स्वतः आरोपी होऊनही आतून स्वच्छच राहतो. स्वातंत्र्य नवं होतं, वर्दीवर विश्वास होता. चित्रपट म्हणून ते देखणे आहेत, पण ‘माणूस’मधली अस्वस्थता त्यांत नाही, असं माझं मत. जुन्याच्या बाजूच्या मित्रांनी रागावू नये.

मराठीत राजा परांजप्यांचा ‘पाठलाग’ 1964 मध्ये आला आणि राज खोसलांनी दोनच वर्षांत त्याचा ‘मेरा साया’ केला. म्हणजे तेव्हा हिंदीवाले मराठीकडून घेत होते. हे फक्त नोंदवून पुढे जाते, कारण त्यात पोलिसापेक्षा वकील मोठा आहे.

आता आपला काळ. ‘बाजीगर’ 1993 च्या दिवाळीत आला तेव्हा आपण आठवीत होतो. नायकच नायिकेला गच्चीवरून ढकलून देतो, यावर वर्गात किती दिवस खल चालला होता, आठवतंय? मुलींच्या रांगेत दोन पक्ष होते आणि मुलांच्या रांगेत एकच. अंजली, अभिनय, सादिया, मोहन, अप्सरा ही आपल्या तेव्हाच्या औरंगाबादची टॉकीजं. त्यातली किती आज उभी आहेत हे ज्याने त्याने स्कूटरवरून जाताना मोजावं. पण आपल्या पिढीला अंधार खरा दाखवला तो टॉकीजने नव्हे, दूरदर्शनने, आणि तो ‘अर्धसत्य’ने.

गोविंद निहलानींचा ‘अर्धसत्य’ 1983 चा. मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची, ‘सूर्य’. पटकथा विजय तेंडुलकरांची, आत वाचली जाणारी कविता दिलीप चित्र्यांची. म्हणजे चित्रपट हिंदी, पण डोकं सगळं मराठी. त्यातला रामा शेट्टी झालेले सदाशिव अमरापूरकर तर आपल्या शेजारच्या अहमदनगरचे. मराठीच्या बाईंनी एकदा तासाला ‘सूर्य’चा उल्लेख केला होता आणि ‘आधी कथा वाचा, मग पिक्चर बघा’ असं बजावलं होतं. बहुतेकांनी उलटंच केलं.

अनंत वेलणकर हा सबइन्स्पेक्टर आहे. गणपतनंतर 44 वर्षांनी आलेला त्याच वर्दीतला माणूस. बाप हवालदार, घरात आईला मारणारा. पोराला कविता कळते, प्राध्यापक मैत्रीण आहे, पण नोकरीत प्रत्येक प्रामाणिक हालचालीवर वरून दाब येतो. एका रात्री त्याच्या मारहाणीत कोठडीतला आरोपी मरतो. वाचण्यासाठी तो ज्याला पकडायचं त्याच रामा शेट्टीच्या दारात जातो, आणि तिथेच त्याचा गळा दाबून स्वतःला पोलिसांच्या हवाली करतो. ओम पुरींना यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गणपतला मागे खेचायला मैना होती. वेलणकरची मैत्रीण त्याला ओळखते, समजावते, पण अडवू शकत नाही. या दोन चित्रपटांमध्ये देशात काय काय झालं हे समाजशास्त्राच्या पुस्तकापेक्षा मला इथे जास्त कळतं.

आता ‘अंधाधुन’. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. श्रीराम राघवन पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी. ही संस्था 1960 मध्ये सुरू झाली ती प्रभातच्याच जागेत. ज्या आवारात गणपतचा रस्ता उभा केला होता, देव आनंद आणि गुरुदत्त भेटले होते, तिथेच राघवन शिकले. त्यांना जुन्याचं वावडं तर नाहीच, उलट भक्ती आहे. ‘जॉनी गद्दार’ (2007) त्यांनी विजय आनंद आणि जेम्स हॅडली चेस यांना अर्पण केला. त्यातला नायक 1971 चा ‘परवाना’ पाहून खुनाची युक्ती उचलतो. ‘अंधाधुन’ (2018) एका फ्रेंच लघुपटावर बेतलेला, पण घडतो पुण्यात, आणि खून होतो तो जुन्या काळच्या एका नटाचा. ती भूमिका केली अनिल धवननी, जे खरोखरच त्या काळचे नट. या चित्रपटाची रचना मला माझ्या कामामुळेही आवडते. एक खोटं झाकायला दुसरं, ते झाकायला तिसरं, अशी साखळी कुठेही न तुटता पुढे सरकते. आमच्या क्षेत्रात घाईने लावलेल्या ठिगळांवर ठिगळं चढली की प्रोग्रॅमचं असंच होतं. पण पोलीस पाहा. इन्स्पेक्टर मनोहर तक्रार घ्यायला बसलेलाच नव्हे, तर गुन्ह्यात सामील असलेला माणूस आहे. साक्षीदार पोलीस चौकीत जातो आणि समोर खुनीच. आपण हसतो. 1983 मध्ये वर्दीवाला बिघडला तेव्हा आपल्याला झोप लागली नव्हती. 2018 मध्ये तो मुळातच बिघडलेला आहे आणि आपल्याला ते गमतीचं वाटतं.

म्हणून मी ‘अर्धसत्य’च्या बाजूची, पण ‘अंधाधुन’ला कमी लेखणारी नाही. राघवनना आपण हसतोय हे नेमकं ठाऊक आहे आणि ते आपल्याला हसू देतात, त्यात त्यांचं कौशल्य आहे. ‘माणूस हरवला’ म्हणणाऱ्यांनी तो चित्रपटातून हरवला की प्रेक्षकातून, हेही तपासावं.

एक चित्रपट दोन्ही तट विसरले. ‘बिनधास्त’, 1999. दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी, आपल्याच शहरातले. प्रशांत दळवी आणि इतरांबरोबर ‘जिगीषा’ इथे उभी करून मग मुंबईला गेलेले. दोन कॉलेजमैत्रिणी, खुनाचा संशय, आणि पडद्यावर एकही पुरुष नाही. संशयित बाई, साक्षीदार बाई, तपास करणारी पोलीस अधिकारीही बाईच. पुढच्याच वर्षी प्रियदर्शननी त्याचा तमिळ चित्रपट केला. जगभरच्या न्वारमध्ये बाई म्हणजे सापळा. इथे दोघींची मैत्रीच पणाला लागलेली आहे. आपल्या वर्गातल्या मुलींनी तो कॉलेजात असताना पाहिला आणि मुलांनी ‘त्यात हिरो नाही’ म्हणून टाळला, असा माझा दाट संशय आहे.

वाद कितीही रंगला तरी तो चित्रपट पाहायला मिळतो तोवरच घालता येतो. जुनी फिल्म नायट्रेटवर असे. नायट्रेट सहज पेट घेतं आणि एकदा पेटलं की पाण्यानेही विझत नाही. जानेवारी 2003 मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या कोठाराला आग लागली आणि प्रभातच्या काही मूळ रिळांसह मोठा ठेवा जळाला. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या पी. के. नायरांसारख्या माणसांनी आयुष्य घालून जमवलेलं धन ते. बऱ्याच चित्रपटांच्या प्रती आधीच सेफ्टी फिल्मवर उतरवून ठेवलेल्या होत्या, म्हणून सगळंच गेलं नाही. आपल्या शहरात आता दर हिवाळ्यात अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. 2025 मध्ये त्याचं दहावं वर्ष झालं आणि सई परांजप्यांना पद्मपाणी पुरस्कार दिला गेला. त्यांनी एखाद्या वर्षी ‘माणूस’ मोठ्या पडद्यावर दाखवावा, असं पत्र आपल्या बॅचतर्फे द्यावं, ही माझी सूचना आहे. मजकूर मी लिहून देईन, सह्या तुम्ही करा.

तोवर ‘माणूस’ यूट्यूबवर आहे. पहिली वीसेक मिनिटं आवाजाची खरखर जाणवते, मग कान सरावतात.