बोटभर फटीची कुळकथा

प्रोस्टेट ग्रंथी आणि गुदाशय अगदी पाठीला पाठ लावून असतात. मध्ये थोडी चरबी आणि एक पातळ पडदा, एवढंच. तो पडदा दनोंव्हिलिए या फ्रेंच शल्यविशारदाने १८३६ मध्ये नोंदवला आणि आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो. प्रोस्टेटच्या कर्करोगावरच्या रेडिएशनचा सगळा घोळ या चिंचोळ्या जागेत आहे.

गंमत अशी, की सुरुवातीला गुदाशय हा जपायचा अवयव नव्हताच. ती चक्क वाट होती. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले ह्यू यंग १९१७ च्या सुमारास मूत्रमार्गातून, मूत्राशयातून आणि गुदाशयातूनही रेडियम ग्रंथीपाशी नेत. ते एकाच जागी ठेवलं तर आतलं अस्तर जळायचं, म्हणून दर बैठकीला जागा बदलायची. भाजणं टळत नसेल तर निदान ते वाटून द्यावं, ही जपणुकीची पहिली युक्ती. पुढे किरणांचा स्रोत शरीराबाहेर गेला, तरी चारी बाजूंनी झोत सोडण्यामागे हाच हिशेब राहिला.

१९५० च्या दशकात स्टॅनफर्डला माल्कम बॅगशॉ यांनी या कर्करोगासाठी लिनिअर अॅक्सिलरेटर, म्हणजे बाहेरून किरणांचा झोत सोडणारं यंत्र, वापरायला घेतलं. त्यानंतर सीटी स्कॅन आला, झोताला हवा तो आकार देणाऱ्या धातूच्या पट्ट्या आल्या. नेम सुधारत गेला. पण ग्रंथी कुठे जागेवर थांबते? पोटात गॅस झाला तरी ती सरकते. म्हणून तिच्याभोवती थोडी जास्त जागा धरावी लागते आणि त्यात गुदाशयाची पुढची भिंत सापडतेच. ‘पोट साफ करून या, मूत्राशय भरलेलं असू द्या’ हे सांगणं त्यासाठीच. काही ठिकाणी गुदाशयात फुगाही ठेवत. त्याने मागची भिंत लांब जाई, पुढची मात्र ग्रंथीला आणखी चिकटे.

मग विचाराने कूस बदलली: किरणं आवरण्यापेक्षा शेजाऱ्यालाच हलवलं तर? स्पेनमध्ये ओव्हिएदोच्या पेद्रो प्रादा आणि सहकाऱ्यांनी मधल्या चरबीत हायलुरोनिक आम्ल टोचून फट रुंदावली. ते काम २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. आज जास्त वापरलं जाणारं हायड्रोजेल दुसऱ्या घराण्यातलं. मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर आवरणातून पाणी झिरपू नये म्हणून अमर साहनी यांच्या अमेरिकी कंपनीने एक जेल काढलं होतं, त्याचंच हे भावंड. सोनोग्राफीवर पाहत, अंडकोष आणि गुदद्वार यांमधल्या त्वचेतून सुई घालायची, सलाइनने जागा मोकळी करायची आणि दोन द्रव एकदम सोडायचे. काही सेकंदांत ते घट्ट होतात, तीनेक महिने टिकतात आणि साधारण सहा महिन्यांत शरीरात विरघळून जातात.

अमेरिकेत या जेलची २२२ रुग्णांवर चाचणी झाली. जेलने फट सरासरी १२.६ मिलिमीटर झाली. किरणांची ७० ग्रे किंवा त्याहून जास्त मात्रा झेलणारा गुदाशयाचा भाग १२.४ टक्क्यांवरून ३.३ टक्क्यांवर आला. २०१५ मध्ये तिथे मान्यताही मिळाली. आकडे देखणे आहेत, पण रुग्णाच्या अनुभवातला फरक त्यामानाने लहान: तीन वर्षांनी गुदाशयाचे उशिरा उद्भवलेले त्रास जेल न घेतलेल्यांत ९.२ टक्के, घेतलेल्यांत २ टक्के. त्यामुळे जेल सरसकट सगळ्यांना द्यावं, हे मला पटत नाही. सुई चुकून गुदाशयाच्या भिंतीत गेली तर क्वचित व्रण किंवा भगेंद्रासारखी वाट तयार होते. आणि ज्यांचा कर्करोग ग्रंथीच्या मागच्या बाजूने बाहेर पडला होता, अशा रुग्णांना या चाचणीत घेतलंच नव्हतं. तिथे फट रुंदावणं म्हणजे रोगालाच किरणांपासून दूर ढकलणं ठरू शकतं.