बँक, नदी आणि घर: पॉल वोल्कर यांची आठवण



न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकजण टीनेकवरून कितीदा तरी गेले असतील. जॉर्ज वॉशिंग्टन पूल ओलांडून अलीकडे आलं की थोड्याच वेळात हे गाव लागतं. १९३० साली हे गाव कर्जात पार बुडालं होतं. कारभार सुधारण्यासाठी एक व्यवस्थापक नेमला गेला आणि त्याने पुढची वीस वर्षं गावाचा हिशोब सांभाळला. त्याच्या कचेरीत जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या पत्रातलं एक वाक्य लावलेलं असे. त्याचा मतलब असा, की जिथे 'नाही' म्हणायला हवं तिथे भिडेपोटी 'हो' म्हणू नये. त्या व्यवस्थापकाचा तीन वर्षांचा मुलगा तेव्हा टीनेकला राहायला आला. तो मुलगा म्हणजे पॉल वोल्कर. आज त्यांच्याविषयी बोलायचं आहे.

हे नाव तुम्ही भारतातल्या बातम्यांतही ऐकलं असेल. २००५ साली 'वोल्कर अहवाल' गाजला होता. इराकच्या 'तेलाच्या बदल्यात अन्न' योजनेतल्या गैरव्यवहारांची संयुक्त राष्ट्रांनी चौकशी करवली, तिचे प्रमुख हेच. त्या अहवालानंतर भारताच्या तेव्हाच्या परराष्ट्रमंत्र्यांना पद सोडावं लागलं होतं. पण वोल्कर यांची खरी ओळख त्याच्या पंचवीस वर्षं आधीची. ऑगस्ट १९७९ ते ऑगस्ट १९८७ अशी आठ वर्षं ते फेडरल रिझर्व्हचे, म्हणजे इथल्या मध्यवर्ती बँकेचे, अध्यक्ष होते.

माणूस उंच, साडेसहा फुटांच्याही वर. ओठात स्वस्तातली सिगार, अंगात चुरगळलेला सूट. आणि वेड कसलं, तर मासे धरण्याचं.

आपल्या कोकणात गरवायला जातात, तसंच हे. पण पद्धत वेगळी. इथे गळाला खरं आमिष नसतं. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी असते. कमरेएवढ्या थंड पाण्यात उभं राहून ती माशी प्रवाहावर अशी अलगद टाकायची, की ट्राउट किंवा सामन माशाला ती जिवंत वाटावी. शंभर वेळा टाकावी लागते. पुष्कळदा रिकाम्या हातानेच परतावं लागतं. घाई केली तर दोरी गुंततेच, शिवाय मासाही सावध होतो.

या छंदाने एक गंमत घडवून आणली. कॅन्सस सिटीच्या फेडरल रिझर्व्ह बँकेला आपल्या वार्षिक परिषदेला अध्यक्षांनी यावं असं वाटत होतं. मग त्यांनी १९८२ साली परिषद थेट वायोमिंगमधल्या जॅक्सन होलला नेली, ऑगस्टमध्ये. जवळून स्नेक नदी वाहते आणि तिथे उत्तम ट्राउट मिळतो. वोल्कर आले! तेव्हापासून जवळजवळ दर वर्षी जगभरच्या मध्यवर्ती बँकांचे लोक तिथेच जमतात. पुढे भारतीय रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झालेले रघुराम राजन यांनी २००५ साली वित्तव्यवस्थेतल्या वाढत्या धोक्यांचा इशारा दिला, तोही याच ठिकाणी.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. वोल्कर पदावर आले तेव्हा महागाई बेफाम झाली होती. १९८०च्या सुरुवातीला ती १४ टक्क्यांच्या वर गेली. शनिवार, ६ ऑक्टोबर १९७९ रोजी संध्याकाळी त्यांनी पत्रकारांना बोलावून सांगितलं, की यापुढे बाजारात येणाऱ्या पैशावरच आम्ही लगाम घालणार. मग व्याजाचे दर जातील तिथे जावोत. ते २० टक्क्यांच्या आसपास गेले.

जे सत्तरच्या दशकात इथे आले, त्यांना १९८१ नक्की आठवत असेल. घरकर्जाचा दर १८ टक्क्यांच्या पुढे गेला होता. हिशोब करून बघा: ५० हजार डॉलरचं तीस वर्षांचं कर्ज असेल, तर १८ टक्क्यांनी महिन्याचा हप्ता साधारण ७५४ डॉलर. त्यातले पहिल्या महिन्यात ७५० डॉलर नुसत्या व्याजात जाणार. मुद्दल फिटणार चार डॉलर! ७ टक्क्यांनी हाच हप्ता ३३३ डॉलरच्या आत बसतो. आपल्याकडच्या कितीतरी घरांत 'अजून एक वर्ष भाड्याच्याच घरात काढू' हे वाक्य तेव्हा बोललं गेलं असेल.

आणि भाड्याच्या घरात राहणं हे तसं थोडक्यात निभावणंच होतं. १९८२च्या अखेरीस बेरोजगारी १०.८ टक्क्यांवर पोचली. घरं बांधणाऱ्यांनी लाकडाच्या फळ्यांवर निषेध लिहून त्या फेडरल रिझर्व्हला टपालाने धाडल्या. गाड्या विकणाऱ्यांनी न विकलेल्या गाड्यांच्या किल्ल्या पाठवल्या. कर्जाने पिचलेले शेतकरी ट्रॅक्टर घेऊन वॉशिंग्टनला आले आणि त्यांनी बँकेच्या इमारतीला वेढा घातला. वोल्कर यांनी पकड सैल केली ती १९८२च्या मध्यानंतर, महागाई उतरू लागल्यावर. १९८३ साली ती तीन-चार टक्क्यांवर आली होती.

हे झालं बाहेरचं. घरी काय चाललं होतं?

न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचं प्रमुखपद सोडून वॉशिंग्टनला जाताना त्यांचा पगार जवळजवळ निम्मा झाला. पत्नी बार्बरा यांना मधुमेह आणि संधिवात. मुलाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. उपचार आणि सगळी घडी न्यूयॉर्कला बसलेली, त्यामुळे बार्बरा तिथेच राहिल्या. वोल्कर वॉशिंग्टनमध्ये एका लहानशा जागेत एकटे राहत. शनिवार-रविवारी मळके कपडे घेऊन जवळच राहणाऱ्या मुलीकडे धुवायला जात. आणि खर्चाचा मेळ बसावा म्हणून बार्बरा यांनी घरातली एक खोली भाड्याने दिली, शिवाय हिशोब लिहिण्याचं अर्धवेळ काम धरलं.

जगातल्या सगळ्यात मोठ्या बँकेचा अध्यक्ष, आणि त्याच्या घरी पोटभाडेकरू!

श्रोतेहो, वोल्कर यांचं कौतुक करताना त्यांच्या साधेपणाचं नेहमी वर्णन होतं आणि ते खरंच आहे. लोकांना झळ सोसायला सांगणारा माणूस स्वतः चैनीत राहिला नाही, म्हणून त्याच्या शब्दाला वजन आलं. पण तो साधेपणा निभावला कोणी? दुखऱ्या हातांनी दुसऱ्यांचे हिशोब लिहिणाऱ्या बार्बरांनीही तो निभावला. १९९८ साली त्या गेल्या. देशसेवेच्या खात्यावर त्यांचं नाव सहसा येत नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरात अशी एक व्यक्ती असते. एकाने मोठं काम करावं म्हणून दुसरी व्यक्ती रोजचा मेळ बसवत राहते. ती बहुधा आई असते किंवा बायको.

म्हणून मला वाटतं, वोल्कर यांची आठवण काढायची तर सगळा हिशोब मांडून काढावी. महागाई मोडली हे जमेला. ज्यांची नोकरी गेली, शेत गेलं, ते खर्चाला. आणि बार्बरा यांचं देणंही तिथेच लिहावं. टीनेकच्या हिशोबनिसाचा मुलगा याला हरकत घेईल असं वाटत नाही.

पद सोडल्यावरही त्यांची कामं सुटली नाहीत. नाझी अत्याचारात मारल्या गेलेल्या ज्यूंची स्विस बँकांमध्ये पडून राहिलेली खाती शोधण्याच्या समितीचे ते प्रमुख झाले. २००८च्या मंदीनंतर, बँकांनी स्वतःच्या फायद्यासाठी सट्टा खेळू नये, असा नियम त्यांनी सुचवला. तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्यातून सवड काढून ते नदीवर जात राहिले. ८ डिसेंबर २०१९ रोजी, वयाच्या ९२व्या वर्षी, त्यांचं न्यूयॉर्कमध्ये निधन झालं.

पुढच्या वेळी टीनेकवरून जाताना त्या व्यवस्थापकाच्या कचेरीतलं वाक्य आठवा. आणि घरी आजी-आजोबा असतील, तर १९८१ साली त्यांचा हप्ता किती होता, आणि तो भरताना घरात कोणी काय सोडलं, हे त्यांना जरूर विचारा. तोही इतिहासच आहे.